आपण नेमके कुठे आहोत?

भूगोलाच्या तासाला आपण मुलांपुढे नकाशा ठेवतो आणि सांगतो, "१९ अंश उत्तर अक्षांश आणि ७३ अंश पूर्व रेखांश जिथे छेदतात ती जागा शोधा." मुले दोन्ही रेषांवरून बोट फिरवत मुंबईजवळ येऊन थांबतात. प्रश्न सुटतो. भर समुद्रावरच्या नाविकाचा प्रश्न याच्या बरोबर उलटा असतो. नकाशा त्याच्यापुढे पसरलेला असतो, पण त्यावर बोट कुठे टेकवायचे हेच त्याला शोधून काढायचे असते. सभोवती सगळीकडे सारखेच पाणी. रस्ता नाही, मैलाचा दगड नाही, विचारायला वाटसरू नाही.

गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचे उत्तर देणारी इलेक्ट्रॉनिक साधने एकामागून एक आली. या लेखात आपण त्यांचा इतिहास पाहणार आहोत. मात्र कोणते यंत्र कधी आले याची नुसती जंत्री देण्याचा आमचा विचार नाही. या इतिहासात ७२ वर्षांच्या अंतराने घडलेले दोन अपघात आहेत. पहिल्यात यंत्र बरोबर सांगत होते आणि माणसांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्यात यंत्र चुकीचे सांगत होते आणि माणसे त्याच्यावरच विसंबून राहिली. हे दोन्ही अपघात समजून घ्यायचे, तर ही साधने आतून काय करतात हे आधी पाहायला हवे.

एक रेषा पुरत नाही

किनाऱ्यालगत मासेमारी करणारे लोक जागा लक्षात ठेवण्यासाठी एक साधी युक्ती वापरतात. किनाऱ्यावरच्या देवळाचा कळस आणि त्यामागच्या डोंगराचे टोक एका सरळ रेषेत दिसू लागले, की आपली होडी त्या रेषेवर कुठे तरी आहे हे नक्की झाले. पण रेषेवर नेमके कुठे? त्यासाठी खुणांची दुसरी जोडी लागते, उदाहरणार्थ एखादे दीपगृह आणि बेटाचे टोक. दोन रेषा जिथे छेदतात तिथे आपण असतो. पुढे येणारे प्रत्येक यंत्र याच युक्तीने चालते. कोणतेही एक मापन आपल्याला एक रेषा देते. बिंदू हवा असेल तर निदान दोन मापने लागतात.

किनारा दिसेनासा झाला की या खुणा संपतात. मग उरतो तो हिशेब. ठराविक दिशेने, ठराविक वेगाने, इतके तास गेलो, म्हणजे आता इथे असलो पाहिजे. दिशा होकायंत्रावरून कळते. वेग मोजण्यासाठी पूर्वी गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडत आणि ठराविक वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. जहाजाच्या वेगाचे 'नॉट' हे एकक त्यातूनच आले. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात ताशी १,८५२ मीटर. या हिशेबी स्थानात एक मूलभूत दोष आहे. वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला ढकलत असतात आणि ते हिशेबात येत नाही. शिवाय आजची चूक उद्याच्या हिशेबात तशीच पुढे जाते, त्यात उद्याची मिळते, आणि चूक साचत राहते.

सूर्य आणि तारे ही साचलेली चूक पुसून टाकतात. पण रेखांशासाठी अचूक घड्याळ लागते. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे घड्याळ चार सेकंद चुकले तर विषुववृत्तावर एका सागरी मैलाची चूक होते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने समुद्रावर चालणारी अचूक घड्याळे बनवली तेव्हा हा प्रश्न सुटला. तरी ढग आणि धुके यांवर हॅरिसनकडेही उपाय नव्हता. किनारा जवळ असताना नेमके धुके असले, तर जहाज पुन्हा हिशेबावरच येत असे.

रेडिओची दिशा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेडिओ आला. रेडिओतरंगांना ढगांची आणि धुक्याची अडचण नसते. तारेचे मोठे वेटोळे करून त्याची अँटेना बनवली आणि ती फिरवली, तर एका विशिष्ट स्थितीत येणारा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. साधा ट्रान्झिस्टर हातात धरून फिरवला तर मिडीयम वेव्हवरचे केंद्र कमी-जास्त होते, तेच इथे घडते. आवाज मिटला त्या क्षणी वेटोळ्याची दिशा पाहायची, की केंद्र कोणत्या रेषेवर आहे ते कळते. रेषा मिळाली!

या पद्धतीत एक गोम होती. साधे वेटोळे रेषा सांगते, पण केंद्र त्या रेषेवर पुढे आहे की मागे हे सांगत नाही. उत्तर १८० अंशांनी उलटे असू शकते. रात्री वातावरणातल्या आयनांबरावरून परावर्तित होऊन येणारे तरंग दिशा आणखी बिघडवतात. म्हणजे यंत्र उपयोगी होते, पण त्याचे स्वभावदोष ओळखून वापरायला हवे होते. सुरुवातीच्या काळात हे वेटोळे बहुधा किनाऱ्यावर असे. जहाज रेडिओवरून विचारी आणि किनाऱ्यावरचे केंद्र त्याची दिशा मोजून कळवी.

सात विनाशिका

८ सप्टेंबर १९२३. अमेरिकन नौदलाच्या १४ विनाशिका सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेला सॅन दिएगोकडे निघाल्या होत्या. एकामागे एक अशा रांगेत, सुमारे २० नॉट वेगाने. पुढे होती 'डेल्फी'. तिच्यावर या तांड्याचे प्रमुख कॅप्टन एडवर्ड वॉटसन होते. रात्र होती, धुके होते आणि किनारा दिसत नव्हता. डेल्फीवर स्थान काढले जात होते ते दिशा, वेळ आणि पंख्याच्या फेऱ्यांवरून धरलेला वेग यांच्या हिशेबाने.

वाटेत पॉइंट अर्ग्वेलो येथे किनाऱ्यावर दिशाशोधक रेडिओ केंद्र होते. या टोकाला वळसा घालून पूर्वेला वळले की सांता बार्बराच्या खाडीत शिरता येते. केंद्राने कळवलेल्या दिशांचा अर्थ असा होता, की जहाजे अजून टोकाच्या उत्तरेलाच आहेत. डेल्फीवरचा हिशेब सांगत होता की टोक मागे पडले आहे. दोन उत्तरे जुळत नव्हती. यंत्र नवे होते, त्याची उलट दिशा दाखवण्याची खोड सर्वांना ठाऊक होती, आणि केंद्राने उलटी दिशा दिली असावी अशी शंका जहाजावर घेतली गेली. हिशेब खरा मानला गेला.

शंका फेडायला तिसरा मार्गही होता. वेग कमी करून पाण्याची खोली मोजता आली असती. किनारा जवळ असता तर पाणी उथळ लागले असते. पण ठरलेला वेग टिकवायचा होता, त्यामुळे खोली मोजली गेली नाही. रात्री ९ वाजता डेल्फी पूर्वेला वळली आणि पाचच मिनिटांत होंडा पॉइंटच्या खडकांवर आदळली. मागच्या जहाजांनी तिच्यामागोमाग वळण घेतले होते. सात विनाशिका एका रात्रीत फुटल्या आणि २३ खलाशी मृत्युमुखी पडले. आठवडाभरापूर्वी, १ सप्टेंबरला जपानमध्ये मोठा भूकंप झाला होता. त्यामुळे किनाऱ्यालगतचे प्रवाह बदलले असावेत असे काहींचे मत आहे. कारण काहीही असो, हिशेब चुकला होता आणि रेडिओ केंद्र बरोबर होते.

काळाच्या फरकातून अपास्त

दिशा मोजण्यात एक मर्यादा असते. दिशेत एका अंशाची चूक झाली, तर १०० किलोमीटरवर ती पावणेदोन किलोमीटर होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी म्हणून वेगळा रस्ता धरला. त्यांनी दिशेऐवजी वेळ मोजली.

रेडिओतरंग एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहालाखाव्या भागात, सुमारे ३०० मीटर जातात. केंद्रातून संकेत कधी निघाला हे ठाऊक असेल आणि तो कधी पोचला हे मोजता आले, तर अंतर मिळते. पण त्यासाठी जहाजावर केंद्राच्या घड्याळाशी मायक्रोसेकंदापर्यंत जुळणारे घड्याळ हवे, आणि तसे घड्याळ तेव्हा जहाजावर नेणे अशक्य होते. मग युक्ती निघाली. किनाऱ्यावर दोन केंद्रे ठेवायची, त्यांची घड्याळे एकमेकांशी जुळवायची आणि जहाजावर दोन संकेतांच्या पोचण्याच्या वेळेतला फक्त फरक मोजायचा. फरक मोजायला केंद्राशी जुळलेले घड्याळ लागत नाही.

समजा, दोन्ही संकेत एकाच क्षणी निघाले आणि 'अ' केंद्राचा संकेत 'ब' केंद्राच्या १०० मायक्रोसेकंद आधी पोचला. म्हणजे आपण 'ब' पेक्षा 'अ' ला ३० किलोमीटर जवळ आहोत. असे बिंदू एकच नाही, अनेक असतात. दोन स्थिर बिंदूंपासूनच्या अंतरांतला फरक कायम ठेवणाऱ्या सर्व बिंदूंची रेषा म्हणजे अपास्त. कॉलेजात गणिताच्या तासाला 'याचा उपयोग काय?' असे विचारले जाते तोच हा अपास्त. एक जोडी एक अपास्त देते, दुसरी जोडी दुसरा, आणि दोघांचा छेद म्हणजे आपले स्थान. देवळाचा कळस आणि डोंगराच्या टोकाचीच ही युक्ती, फक्त रेषा वाकड्या झाल्या.

या तत्त्वावर ब्रिटिशांनी विमानांसाठी 'जी' ही प्रणाली आणली आणि अमेरिकेत 'लोरान' तयार झाली. ब्रिटनमधल्या 'डेक्का' प्रणालीने जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईच्या वेळी सुरुंग काढणाऱ्या जहाजांना वाट दाखवली. युद्धानंतर डेक्का व्यापारी जहाजांवर आणि मासेमारीच्या बोटींवर गेली. तिच्या तबकड्यांना लाल, हिरवी आणि जांभळी अशी नावे होती. डेक्का वेळेऐवजी तरंगांच्या कलेतला फरक मोजत असे. त्यामुळे अचूकता वाढली, पण एक नवी अडचण आली. घड्याळाचा तासकाटा मोडून फक्त मिनिटकाटा उरला, तर 'वीस मिनिटे झाली' हे कळेल, पण किती वाजून वीस हे कळणार नाही. तसेच इथे होते. जहाज कोणत्या पट्ट्यात आहे हे निघतानापासून मोजत राहावे लागे. वादळी विजांनी किंवा रात्रीच्या परावर्तित तरंगांनी मोजणी एखाद्या पट्ट्याने चुकली, तर तबकडी अगदी ठामपणे चुकीचे स्थान दाखवीत राही.

लोरान-सी ही प्रणाली १९५७ पासून पुढे वाढत गेली. ती १०० किलोहर्ट्झ वारंवारतेवर स्पंद पाठवत असे आणि हजार सागरी मैलांच्या आसपासच्या अंतरापर्यंत उपयोगी पडे. तिची चूक साधारण पाव सागरी मैल असे. पण एकदा गेलेल्या जागी पुन्हा जायचे असेल तर हीच चूक शंभर मीटरच्या आत येई, कारण चुकीचा मोठा भाग दोन्ही वेळी सारखाच असतो. मासेमारांना हेच हवे होते. जाळे जिथे अडकले ती जागा पुन्हा टाळायची आणि जिथे मासळी मिळाली ती जागा पुन्हा गाठायची, एवढे साधले की अक्षांश-रेखांश काय आहेत याची त्यांना फारशी फिकीर नसे. अचूकता आणि पुन्हा तोच आकडा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रयोगशाळेत आपण मुलांना सांगतो. त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

भारतातही मुंबई आणि कलकत्ता या नावांच्या डेक्का साखळ्या होत्या. पुढे लोरान-सीच्या साखळ्या आल्या. पश्चिम किनाऱ्यावर ध्रांगध्रा हे मुख्य केंद्र आणि वेरावळ व बिलिमोरा ही दुय्यम केंद्रे होती. पूर्व किनाऱ्यावर बालासोर मुख्य, तर डायमंड हार्बर आणि पातपूर दुय्यम.

सगळ्या जगाला पुरेल अशी 'ओमेगा' ही प्रणाली फक्त आठ केंद्रांवर चाले. तिच्या तरंगांची लांबी ३० किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे ते पृथ्वीभर पोचत, पण स्थानात काही सागरी मैलांची चूक राही. भर महासागरात हे चालते, बंदराच्या तोंडाशी चालत नाही. ओमेगा ३० सप्टेंबर १९९७ रोजी बंद झाली.

केंद्रे आकाशात गेली

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुतनिक अवकाशात गेला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत विल्यम गाइअर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण संशोधक त्याचा संकेत ऐकत होते. उपग्रह जवळ येताना संकेताची वारंवारता थोडी वाढते, दूर जाताना कमी होते. आगगाडीच्या शिट्टीत आपण ऐकतो तोच हा डॉप्लर परिणाम. या बदलावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. मग फ्रँक मॅक्लूअर यांनी प्रश्न उलटा केला. जमिनीवरचे स्थान ठाऊक असताना कक्षा काढता येते, तर कक्षा ठाऊक असताना स्थान का काढता येऊ नये? यातून 'ट्रान्झिट' ही पहिली उपग्रह प्रणाली जन्मली. १९६४ पासून ती अमेरिकन नौदलाच्या आणि १९६७ पासून इतरांच्या उपयोगात आली. मात्र उपग्रह डोक्यावरून जाण्याची वाट पाहावी लागे. दोन स्थानांच्या मध्ये तासभर किंवा त्याहून अधिक वेळ जाई, आणि तोवर जुना हिशेबच चालवावा लागे.

जीपीएसने ही वाट पाहणे संपवले. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला आणि १९९५ मध्ये प्रणाली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते. ग्राहकयंत्र निदान चार उपग्रहांचे संकेत घेते. तीन मापने स्थानासाठी, आणि चौथे ग्राहकाच्या स्वस्त घड्याळातली चूक शोधण्यासाठी. हॅरिसनच्या घड्याळाची सेकंदभराची चूक सुमारे साडेचारशे मीटरला पडत असे. इथे सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक ३०० मीटरला पडते. सापेक्षतेच्या सिद्धांताप्रमाणे उपग्रहावरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांच्या दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढे दुरुस्त केले नाही, तर अंतराच्या मापात दिवसाला सुमारे ११ किलोमीटरची चूक साचेल.

सुरुवातीला नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळली जाई, त्यामुळे स्थान १०० मीटरपर्यंत हुकू शके. मे २००० मध्ये हे थांबले. भारताने आपल्या प्रादेशिक प्रणालीचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडला आणि एप्रिल २०१६ मध्ये तिला 'नाविक' असे नाव मिळाले.

सुटलेली वायर

आता दुसरा अपघात. ९ जून १९९५ रोजी दुपारी 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनकडे निघाले. जहाजावर १,५०९ माणसे होती. सुकाणूकक्षात जीपीएस होते, लोरान-सी होते, रडार होते, खोली मोजणारे यंत्र होते, आणि या सर्वांशी जोडलेले स्वयंचलित सुकाणू होते.

निघाल्यावर सुमारे तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची वायर जोडापाशी सुटली. उपग्रहांचे संकेत बंद झाले. यंत्राने काही क्षण बारीक आवाजात इशारा दिला आणि मग ते आपणहून जुन्या हिशेबावर गेले. दिशा, वेग आणि वेळ यांवरून ते स्थान काढू लागले. पडद्याच्या कोपऱ्यात हे बारीक अक्षरांत लिहून आले, पण अक्षांश-रेखांशाचे आकडे पूर्वीसारखेच ठळक दिसत होते आणि पूर्वीसारखेच बदलत होते. स्वयंचलित सुकाणूला हेच आकडे मिळत होते. त्याला सगळे ठीक वाटले आणि त्याने जहाज ठरलेल्या रेषेवर ठेवले, म्हणजे त्या आकड्यांतल्या रेषेवर.

खरे जहाज वारा आणि लाटांनी हळूहळू पश्चिमेकडे सरकत होते. अधिकारी तासातासाला नकाशावर स्थान मांडत होते, पण ते त्याच यंत्राचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जिथे एक बोया दिसायला हवा होता तिथे रडारवर एक ठिपका दिसला. तो अपेक्षित बोया मानला गेला. प्रत्यक्षात तो पश्चिमेकडचा दुसराच बोया होता. पुढचा बोया दिसलाच नाही, तरी तो पार केल्याचे सांगितले गेले. टेहळणी करणाऱ्यांनी जिथे नसायला हवेत तिथे दिवे दिसल्याचे कळवले. त्यांनी शेवटी पुढे निळसर-पांढरे पाणी दिसल्याचे सांगितले. रात्री १० वाजून २५ मिनिटांनी जहाज नॅन्टकेट बेटाच्या पूर्वेला वाळूच्या उथळ पट्ट्यावर चढले. ठरलेल्या मार्गापासून ते सुमारे १७ सागरी मैल बाजूला होते.

सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. जहाज दुसऱ्या दिवशी सुटले. नुकसान सुमारे ७० लाख डॉलरचे झाले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीतली एक गोष्ट मनाला लागून राहते. सुकाणूकक्षातले लोरान-सी यंत्र बरोबर चालू होते. जीपीएसचे आकडे त्याच्याशी ताडून पाहिले असते, तर फरक नजरेतून सुटणे कठीण होते. खोलीमापकाचा इशाराही होता, पण तो शून्य मीटरवर ठेवलेला होता.

एक छोटे गणित करून पाहू या. जहाज निघून अपघात होईपर्यंत सुमारे ३४ तास झाले. १७ सागरी मैल भागिले ३४ तास, म्हणजे ताशी अर्धा सागरी मैल, एक किलोमीटरहूनही कमी. रांगणाऱ्या मुलाच्या वेगाने जहाज बाजूला सरकत होते. एवढ्या हळू चाललेल्या चुकीची जाणीव शरीराला होत नाही. ती फक्त दुसऱ्या मापनाशी ताडूनच कळते.

दोन्ही अपघात शेजारी ठेवून

'नव्या यंत्रावर विश्वास ठेवा' हा धडा १९२३ चा, आणि 'यंत्रावर विश्वास ठेवू नका' हा १९९५ चा, असे म्हटले तर दोन धडे एकमेकांना खोडून काढतील. नीट पाहिले तर दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट राहून गेली. डेल्फीवर हिशेब आणि रेडिओ केंद्र यांची उत्तरे जुळत नव्हती. तेव्हा खोली मोजून निवाडा करायला हवा होता, तो केला नाही. रॉयल मॅजेस्टीवर जीपीएस आणि लोरान यांची उत्तरे जुळत नव्हती, पण ती शेजारी ठेवून पाहिलीच गेली नाहीत. पहिल्या ठिकाणी विसंगती दिसूनही तपासली नाही, दुसऱ्या ठिकाणी ती शोधलीच नाही. आणखी एक साम्य आहे. दोन्ही जहाजे अखेर त्याच जुन्या हिशेबावर चालली होती. एकाचा हिशेब माणसाने केला होता, दुसऱ्याचा यंत्राने.

साधन निवडताना

मग बोटीसाठी साधन निवडावे कसे? मोठे जहाज असो की मासेमारीची लहान बोट, आमच्या मते किमतीआधी चार प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न, हे यंत्र नेमके काय मोजते? रडार आणि खोलीमापक सभोवतालच्या वस्तूंचे आणि तळाचे अंतर मोजतात. जीपीएस उपग्रहांपासूनचे अंतर मोजते. पुढे खडक आहे हे जीपीएसला दिसत नाही, तो नकाशात असेल तरच कळतो. आणि नकाशा ज्या पायाभूत मापनावर बेतलेला आहे ते यंत्राच्या मापनाशी जुळत नसेल, तर दोन्ही बरोबर असूनही जागा शेकडो मीटरनी हुकू शकते.

दुसरा प्रश्न, बिघडल्यावर ते काय करते? बंद पडणारे यंत्र त्रास देते, पण फसवत नाही. आकडे दाखवत राहणारे यंत्र फसवते. म्हणून घेतानाच अँटेना काढून पाहावी आणि पडद्यावर काय होते, आवाज किती मोठा येतो, ते पाहावे.

तिसरा प्रश्न, दुसरे साधन पहिल्याहून खरोखर स्वतंत्र आहे का? दोन जीपीएस यंत्रे घेतली तर एक बिघडल्यावर दुसरे चालेल, पण उपग्रहांच्या संकेतातच गडबड झाली तर दोन्ही एकसारखी चुकतील. हे संकेत फार क्षीण असतात. २००८ मध्ये ब्रिटनच्या दीपगृह खात्यांनी 'पोल स्टार' या आपल्या जहाजाजवळ मुद्दाम अडथळा आणणारा संकेत सोडून पाहिला. जीपीएसवर अवलंबून असलेली अनेक यंत्रे एकदम गोंधळली. २०१३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी भूमध्य समुद्रात एका मोठ्या यॉटवर, मालकाच्या संमतीने, खोटे संकेत पाठवून तिला मार्गावरून वळवून दाखवले. कोणताही इशारा वाजला नाही. अशा वेळी रडार, खोलीमापक, होकायंत्र आणि डोळे यांचा आधार होतो, कारण त्यांचे भौतिक तत्त्वच वेगळे असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मोठ्या जहाजांवर विजेशिवाय चालणारे चुंबकीय होकायंत्र ठेवावे लागते ते याच कारणाने. अमेरिकन नौदलाच्या अकादमीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस तारे पाहून स्थान काढण्याचे शिक्षण थांबले होते. २०१५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

चौथा प्रश्न, ते चालवते कोण? ट्रान्झिट १९९६ च्या अखेरीस बंद झाली, ओमेगा १९९७ मध्ये, आणि अमेरिकेने आपली लोरान-सी फेब्रुवारी २०१० मध्ये बंद केली. बोटीवरची ग्राहकयंत्रे धडधाकट होती, पण ऐकायला संकेतच उरले नाहीत. रॉयल मॅजेस्टीला ज्याने वाचवले असते ते दुसरे स्वतंत्र साधन त्या किनाऱ्यावर असे नाहीसे झाले.

वर्गात करून पाहा

हा विषय वर्गात आणायला समुद्र लागत नाही. मैदानावर एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला 'वीस पावले पुढे, उजवीकडे वळ, दहा पावले' अशा सूचना द्या. दुसऱ्या गटाने तोच मार्ग कागदावर प्रमाणात काढावा. तीन-चार वळणांनंतर कागदावरचे स्थान आणि खरे स्थान यांतले अंतर मोजा. वळणे वाढवत नेली की चूक कशी साचते ते मुलांना आपोआप दिसेल.

दुसरा प्रयोग कागदावरचा. दहा सेंटिमीटर अंतरावर दोन बिंदू घ्या. प्रत्येकाभोवती एकेक सेंटिमीटरच्या अंतराने वर्तुळे काढा. ज्या छेदबिंदूंपासून दोन केंद्रांच्या अंतरांतला फरक दोन सेंटिमीटर आहे ते सगळे बिंदू जोडा. अपास्त तयार होईल. तिसरा बिंदू घेऊन दुसरा अपास्त काढा. दोन अपास्त काटकोनाजवळ छेदतात तिथे, आणि अगदी लहान कोनात छेदतात तिथे, पेन्सिलीच्या रेघेची जाडी स्थानात किती फरक पाडते याची तुलना मुलांना करू द्या. केंद्रे कुठे उभारायची हे ठरवताना अभियंत्यांना हाच विचार करावा लागत असे.

आज मुलांच्या घरातल्या मोबाइलमध्ये उपग्रहांचे संकेत घेणारे यंत्र असते. शाळेच्या फाटकाशी उभे राहून वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या फोनवर अक्षांश-रेखांश लिहून घ्या. आकडे थोडे थोडे वेगळे येतील. "यांतला खरा कोणता?" असे मुले विचारतील. लगेच उत्तर देण्याची घाई करू नये. खरा आकडा ठरवायचा कसा, कशाशी ताडून पाहायचा, हे त्यांनाच सुचवू द्यावे. एखादा मुलगा फाटकासमोरच्या वडाच्या झाडाकडे आणि पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवून दोन रेषा आखू लागला, तर त्या तासाचे काम झाले असे समजावे.